बाबा, परवान्यातला तो रकाना आधी वाचा

ती. आई-बाबांना,
सा. न.

दांडेलीला तंबूत राहायचा बेत झकास आहे. पण बाबा, बाराबोरची बंदूक सोबत न्यायची म्हणताय, तेवढं सोडा.

परवान्याच्या पुस्तिकेत तो कुठल्या क्षेत्रापुरता आहे, ते लिहिलेलं असतं. चष्मा लावून बघा. तुमचा शेतीसंरक्षणाचा आहे, जिल्ह्यापुरता. गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की बंदूक तीच, माणूसही तोच, पण कायद्याच्या लेखी परवाना नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा कलम २५ खाली आता दोन ते पाच वर्षं आहे. ‘गोळी भरलेली नव्हती, डिकीत होती’ असं म्हणून सुटता येत नाही. क्षेत्र वाढवून मागता येतं, अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. पण पिकासाठी दिलेल्या बंदुकीला सहलीचं कारण कोण मान्य करणार?

समजा केलं, तरी वाट आडवी येते. गोव्यातल्या मोल्याहून अनमोडला चढणारा रस्ता भगवान महावीर अभयारण्यातून जातो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं कलम ३१ सांगतं की मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरायचं नाही. तिथे जिल्हाधिकाऱ्यांचा शिक्का चालत नाही. आंबोली-बेळगावमार्गे गेलात तर मोलें टळेल, पण दांडेलीभोवतीचं बरंचसं रान काळी व्याघ्र प्रकल्पात आहे, ते कसं टळेल?

मग मागे ठेवायची कुठे? कपाटात ठेवून किल्ली शेजारच्या काकांना द्यायची नाही. त्यांच्याकडे परवाना नाही, उद्या काही झालं तर तेही अडकतील. पोलीस ठाण्यात किंवा जमा करून घेण्याचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे ठेवा. आदल्या दिवशी धावपळ नको, आठवडाभर आधी जा. नळी, पुढचं लाकूड आणि दस्ता वेगळे करा. नळीतून आधी कोरडी चिंधी काढा, मग तेलाची. कातडी गवसणीत ठेवू नका. कातडं ओल धरतं आणि महिनाभरात नळीवर गंजाचे तांबूस ठिपके उठतात. पावतीवरचा बंदुकीचा क्रमांक पुस्तिकेशी आकड्याला आकडा जुळवा. काडतुसं समोर मोजून घ्या आणि संख्या अक्षरातही लिहून मागा. हे राहिलं, तर परत घेताना दोन कमी की दोन जास्त यावर वाद होतो, आणि जास्त निघाली तरी त्रास तुम्हालाच.

आई, एक काम तुझं. काडतुसांची ती खाकी पिशवी बाबा प्रवासाला वापरतात. तिचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटक, अस्तराच्या उसवलेल्या शिवणीत बोट घालून बघ. येताना मोप्याहून विमानाने येणार आहात. बंदूक जवळ नसली तरी एकट्या काडतुसालाही परवाना लागतो, आणि तपासणीच्या यंत्रात त्याचा पितळी बूड लख्ख दिसतो. ‘राहून गेलं होतं’ हे न्यायालय ऐकून घेतंही, पण ते फार पुढे; विमान त्याच दिवशी जातं. खरं तर ती पिशवी नेऊच नका, निळी घ्या.

रानडुकरांची काळजी असेल तर खाण्याचे डबे तंबूत न ठेवता गाडीत ठेवा. रात्री बाहेर पडताना बॅटरी हवी, आणि दोघांनी मिळून जा.

बंदूक जमा केली की पावतीचा फोटो पाठवा, क्रमांक वाचता येईल असा.

तुमची,
धाकटी