परड्यातल्या कोंबड्या आणि मधपेट्यांबाबत सूचना

गल्लीतल्या सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी १० वाजता मारुती मंदिरात पंचांची बैठक आहे. ज्यांच्या परड्यात कोंबड्या किंवा मधपेट्या आहेत त्यांनी यायचंच. शेजाऱ्यांनीही यावं, मागाहून कट्ट्यावर कुरकुर नको.

तोवर एवढं पाळावं :

• खुराडं शेजाऱ्याच्या भिंतीला टेकवू नये. रात्री दार घट्ट लावावं.

• घाण गटारात टाकू नये. गेल्या पावसात तुंबलेलं गटार उघडलं तर आधी वर आला तो पिसांचा गोळा! कोंबडखत ताजंच झाडाला घातलं तर मुळं करपतात. कुजवून मगच घाला.

• मानमोडी या कोंबड्यांच्या जीवघेण्या रोगाची लस टोचून घ्या. कोंबड्या पटापट मरू लागल्या तर जनावरांच्या दवाखान्यात लगेच कळवा. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकू नका, खोल खड्ड्यात चुना घालून पुरा.

• मधपेटीचं तोंड वाटेकडे नको. जवळ परातीत पाणी आणि त्यात खडे ठेवा, नाहीतर माश्या शेजारच्या नळावर जातात. पेटीत पाळतात ती सातेरी जातीची मधमाशी तशी गरीब. टाकीखालचं आग्या मोहोळ मात्र वेगळं. त्याला दगड, फटाके काही नको, जाणत्याला बोलवा. पोरांना आजच सांगा.

पहाटे आरवणाऱ्या कोंबड्यांचं काय करायचं, ते बैठकीत ठरवू.

कोंबड्या किती, पेट्या किती, हे शुक्रवारपर्यंत पंचांकडे लिहून द्यावं. हे झाले गल्लीचे नियम, महापालिकेचे त्याच्या वर. कुणाला महापालिकेची कन्नडमधून नोटीस आली असेल तर सोबत आणा, वाचून सांगू.

– पंच मंडळी