फडके रोडवरील सजावट फलकांआड नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ मध्ये सुरू झाली आणि पुढे ठाणे, गिरगावसह राज्यभर पोहोचली, याचा आम्हा डोंबिवलीकरांना अभिमान आहे. चित्ररथ आणि ढोल-ताशा पथकांचे कौतुक दरवर्षी छापून येते. परंतु फडके रोड व लगतच्या गल्ल्यांतील दुकानदार आपल्या दुकानाची दर्शनी बाजू ज्या कल्पकतेने सजवतात, तिची दखल क्वचितच घेतली जाते, म्हणून हा पत्रप्रपंच.

गेल्या पाडव्याला एका भांड्यांच्या दुकानापुढे कळशी, तांबे, गडू आणि फुलपात्री उतरत्या मापाने एकावर एक उपडी रचून पुरुषभर उंचीची गुढी उभारली होती. तिला खणाचे वस्त्र, कडुनिंबाची डहाळी आणि साखरेची गाठी होती. वह्या-पुस्तकांच्या एका दुकानदाराने तर पायरीवर दगडी पाट्या आणि पेन्सिली मांडून ठेवल्या होत्या. नऊवारी नेसलेल्या एक आजी यात्रेतून बाजूला झाल्या, पायरीवर टेकल्या आणि एकाचे आकडे जोडत त्यांनी पाटीवर सरस्वती काढली. पाडव्याचे पाटीपूजन कधीही न पाहिलेला त्यांचा नातू मग तिथून हलेना. विकत आणलेल्या प्लास्टिकच्या माळांनी हे साधले नसते. आपल्याच धंद्यातील वस्तू सणाशी जोडण्याची ही दृष्टी मला फार मोलाची वाटते.

दुःख याचे की, त्याच भांड्यांच्या दुकानासमोर रात्रीतून बांबू ठोकून शुभेच्छांचा भलामोठा फ्लेक्स लावला गेला आणि सकाळी ती गुढी रस्त्यावरून निम्मीच दिसत होती. चार दिवस खपून केलेली सजावट झाकली गेली, तरी वाईटपणा नको म्हणून दुकानदार गप्प राहिले. परवानगीविना लावलेल्या जाहिरातींना आळा घालणारा मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्धचा कायदा १९९५ पासून अस्तित्वात आहे; तेव्हा अशी तक्रार करण्याची वेळ एकट्या दुकानदारावर का यावी?

महापालिकेने यात्रामार्गावरील दुकानांच्या दर्शनी भागासमोर कोणत्याही पक्षाच्या वा मंडळाच्या फलकाला परवानगी देऊ नये आणि आदल्या रात्री मार्गाची पाहणी करून विनापरवाना फलक उतरवावेत, ही आग्रहाची विनंती आहे. हा निर्णय पाडव्याच्या निदान पंधरा दिवस आधी जाहीर झाल्यास दुकानदारांना निर्धास्तपणे तयारीला लागता येईल.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)