'नंतर त्यांनी शेती केली', एवढंच?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धातल्या जवान शेतकऱ्यावरचा लेख वाचला. रात्री नातवाकडून पुन्हा मोठ्याने वाचून घेतला, म्हटलं आपल्याच नजरेतून काही सुटलं असेल. सुटलं नव्हतं. अर्धं पान भरून चार वर्षांची लढाई आणि शेवटी एक ओळ : 'युद्धानंतर ते गावी परतले व त्यांनी शेती केली.' मथळा मात्र 'जय जवान, जय किसान'. यात किसान कुठे आहे?

माझे वडील 1942 साली साताऱ्याला भरती झाले. बेळगावला रंगरूट म्हणून राहिले आणि 1/5 मराठा, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीतून इटलीला गेले. 1946 मध्ये माणगंगेच्या काठी आपल्या गावी परत आले. 1994 मध्ये वारले, तोवर शेतीच केली. म्हणजे चार वर्षं तिकडे आणि 48 वर्षं इकडे.

आधी एक चूक दुरुस्त करावी. लेखात 'इटलीच्या वाळवंटात' असं छापलं आहे. वाळवंटातली लढाई आफ्रिकेतली. इटलीत चिखल होता, डोंगर होते आणि एकामागून एक नद्या. वडिलांना त्या ओळीने पाठ होत्या : संग्रो, गारी, सेनिओ. आमची माणगंगा वर्षातले आठ-नऊ महिने कोरडी, तिच्या काठी बसून ते आम्हा पोरांना या नद्यांची नावं सांगायचे. सेनिओच्या काठावर 9 एप्रिल 1945 रोजी याच पलटणीतल्या शिपाई नामदेव जाधवांनी दोन जखमी साथीदारांना, एकाला पोहोचवून मग दुसऱ्याला, खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या जमिनीवरून मागे आणलं. मग परत जाऊन मशीनगनच्या चौक्या मोडल्या. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकली आणि हातबाँब फेकले. बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला आणि मागच्या कंपन्यांना हात करून पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सर्वांत मोठं पदक मिळालं. मराठा पलटणीवर अर्धं पान लिहिताना हे नाव सुटतं कसं?

'पोटासाठी इंग्रजांच्या फौजेत गेले' हेही वाक्य आहे. पोटासाठीच गेले, वडील स्वतः सांगायचे. माण-खटावात पाऊस नसला की फौज, नाहीतर मुंबई. त्यात खाली मान घालण्यासारखं काही नाही. मीही पोटासाठीच मशीद बंदरला पाठीवर पोती घेतली आणि बाजार वाशीला आला तसा कोपरखैरण्यात आलो. आमच्या वस्तीत निम्मी घरं साताऱ्याकडची आहेत. त्यांतल्या कितीतरी घरांत असा एक आजा किंवा पणजा निघेल.

पण मला लिहायचं आहे ते 1972 बद्दल. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. विहिरीने तळ गाठला होता, खिलारी जोडी बाजारात कवडीमोलाने गेली होती. वडिलांना पेन्शन नव्हती, कारण लढाईपुरती घेतलेली माणसं लढाई संपताच हातावर थोडी रक्कम ठेवून घरी पाठवली गेली. पेन्शनीची पंधरा वर्षं कुठून भरणार? एक दिवस वडील ट्रंकेतली पदकं रुमालात बांधून सोनाराकडे गेले आणि तासाभरात तशीच घेऊन परत आले. त्यात चांदीच नव्हती. इटली स्टार तांब्या-जस्ताचा असतो. आईने रुमाल घेतला आणि ट्रंकेत परत ठेवला. त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघंही दुष्काळी कामावर गेली, खडी फोडायला. वडिलांच्या उजव्या खांद्यात इटलीतली बाँबची किरच राहिलेली, हात खांद्याच्या वर जात नसे. म्हणून घण डाव्या हाताने. मजुरी मापावर, त्यामुळे त्यांचा ढीग कायम लहान. संध्याकाळी माप घेणारा यायच्या आत आईने आपल्या ढिगातल्या चार पाट्या त्यांच्या ढिगात ओतल्या. वडिलांनी ते पाहिलं. काही न बोलता चार पाट्या मोजून भरल्या आणि तिच्या ढिगावर नेऊन टाकल्या. मी सुकडीची, म्हणजे दुष्काळात वाटायच्या त्या कोरड्या खाऊची पुडी हातात धरून उभा होतो. हे मी आजवर कोणाला लिहून कळवलेलं नाही.

लढाईतून त्यांनी शेतीसाठी काय आणलं, हेही आपल्या लेखकाने अशा एखाद्या घरात विचारायला हवं होतं. तिकडच्या शेतकऱ्याचे पांढरे बैल त्यांना आमच्या खिलारासारखे वाटले. त्या लोकांचा गोठा नि घर एकाच छपराखाली, शेणाचा कण वाया जात नसे. गावी आल्यावर वडिलांनी पहिलं काम केलं ते खतखड्ड्याचं. मग दगडी ताली, म्हणजे माती अडवणारे बांध घातले, एकेक दगड बसवून. त्यांतल्या दोन ताली आजही उभ्या आहेत. आणि नांगरलेल्या रानात पहिलं पाऊल टाकताना हा माणूस मरेपर्यंत थबकायचा. पायाने माती चाचपायचा, मग पुढे. आम्ही भावंडं लहानपणी हसायचो. सुरुंग म्हणजे काय ते कळल्यावर हसणं थांबलं.

रायगड जिल्ह्यातल्या नाईक यशवंत घाडगे यांना 10 जुलै 1944 रोजी इटलीत वीरमरण आलं. त्यांच्या नावाने तिथल्या माँटोने गावात 2023 मध्ये सूर्यघड्याळ उभं राहिलं. परक्या मुलखातली माणसं एवढं करतात. मी स्मारक मागत नाही. जो माणूस लढून आला आणि उरलेलं आयुष्य कोरडवाहू जमिनीशी झगडला, त्याच्या त्या आयुष्यालाही तेवढीच जागा द्या, एवढंच मागतो.

आणखी एक. महिनाभरापासून आपण वाशी बाजाराचे भाव छापणं बंद केलं आहे. गावाकडून भाऊ फोन करून कांद्याचा भाव विचारतो, तेव्हा मी आपलाच पेपर उघडून सांगत असे. गेल्या आठवड्यात तो विचारून थांबला आणि मी पानं उलटत राहिलो. ती चौकट हाताच्या पंजाएवढी होती. तेवढी जागा परत द्यावी.

आपला,
एक निवृत्त माथाडी कामगार,
कोपरखैरणे, नवी मुंबई