कळफलकाचा धडा दोन ओळींत उरकू नये

महोदय,

प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्गात आता अनेक ठिकाणी पायथन शिकवले जाते, हे स्वागतार्ह आहे. मात्र कळफलकावर टंकलेले अक्षर प्रोग्रॅमपर्यंत कसे पोहोचते, हा मूलभूत भाग प्रात्यक्षिकाच्या वहीत दोन ओळींत उरकला जातो, याचे वाईट वाटते.

पायथनच्या संवादी सत्रात टंकलेले वाचणारे ‘इनपुट’ हे फंक्शन (तयार आज्ञा) वापरून विद्यार्थ्याने १२ आणि ५ घेतले व त्यांची बेरीज केली, तर उत्तर १७ न येता १२५ येते, कारण ‘इनपुट’ नेहमी मजकूरच परत करते आणि मजकुराची बेरीज म्हणजे तुकड्याला तुकडा जोडणे. त्यावर ‘इंट लावा’ (म्हणजे मजकुराचे पूर्णांकात रूपांतर करा) एवढेच सांगितले जाते. २००८ साली पायथन ३ येण्यापूर्वी ‘इनपुट’ याच नावाचे फंक्शन टंकलेला मजकूर पायथनचीच राशी समजून सोडवत असे. त्यामुळे आकडा आकडाच राही, पण कोणी घातक आज्ञा टंकली तर तीही चालून जाई. हे कळले की ‘इंट’ का लावायचे, ते मुलांना पाठ करावे लागत नाही.

सी या प्रोग्रॅमिंग भाषेत तर गोंधळ अधिकच. ‘स्कॅनएफ’ या वाचणाऱ्या फंक्शनने आकडा वाचल्यावर एंटरची खूण बफरमध्ये (टंकलेले तात्पुरते साठते त्या जागेत) उरते आणि पुढचे अक्षर वाचणारी ओळ तीच उचलते, विद्यार्थ्याला वाटते, प्रोग्रॅमने आपल्याला विचारलेच नाही. उपाय म्हणून टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या काळापासून ‘एफफ्लश’ या बफर रिकामा करणाऱ्या फंक्शनला ‘स्टडइन’ (कळफलकाकडून येणारा प्रवाह) देण्याचा तोडगा गिरवला जातो, परंतु सीच्या मानकात त्याचा परिणाम ठरवून दिलेला नाही आणि लिनक्सवर त्याचा भरवसा धरता येत नाही. ‘गेट्स’ हे ओळ वाचणारे फंक्शन तर टंकलेल्या मजकुराची लांबी तपासतच नाही. १९८८ च्या मॉरिस वर्म या इंटरनेटवर पसरलेल्या घातक प्रोग्रॅमने याच उणिवेचा फायदा घेतला आणि सीच्या २०११ च्या मानकातून ते काढून टाकण्यात आले. तरीही काही प्रात्यक्षिक पुस्तिकांत ते अजून दिसते.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना विनंती आहे की, या पुस्तिका तपासून घ्याव्यात आणि प्रात्यक्षिक परीक्षेत वापरकर्त्याने आकड्याऐवजी अक्षरे टंकली किंवा काहीच न टंकता एंटर दाबले, तर प्रोग्रॅम बंद न पडता पुन्हा विचारतो का, हे पाहून त्यासाठी स्वतंत्र गुण द्यावेत.

— एक संगणकशिक्षिका, सातारा