रांगेतून परत गेलेली मतं

मा. संपादक, स. न. वि. वि.

मतदानाचा टक्का घसरला की शहरातले लोक सुट्टी साजरी करायला गेले, असं म्हणून सगळे मोकळे होतात. २० मे २०२४ ला ठाण्यात लोकसभेचं मतदान झालं, तेही ५२ टक्क्यांच्या आसपासच. त्या दिवशी मी कळव्यात पावणेतीन तास रांगेत होते, म्हणून हे पत्र.

मी परिचारिका आहे. रात्रपाळी करून आले, वडिलांना घेतलं आणि सव्वाआठला आम्ही रांगेला लागलो. वडील तेव्हा ७९ वर्षांचे, गुडघे पार गेलेले. ज्येष्ठांची वेगळी रांग कुठे, हे कोणालाच सांगता येईना. शेवटी समोरच्या झेरॉक्सवाल्याने प्लास्टिकचं स्टूल दिलं. रांग दोन पावलं सरकली की वडील भिंतीला धरून उठायचे, मागचा मुलगा स्टूल पुढे ढकलायचा, वडील पुन्हा टेकायचे. शेजारच्या खोलीपुढे चारच माणसं होती, पण मतदार यादीतला आमचा भाग वेगळा, म्हणून तिथे जाता येईना.

आमच्या पुढे आमच्याच चाळीतल्या एक ताई होत्या. दादरला दुकानात कामाला आहेत, मालकाने दोन तास उशिरा यायची मुभा दिली होती. साडेनऊला त्यांनी मतदार चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि स्टेशनची वाट धरली. पाच वर्षांतून एकदा येणारं त्यांचं मत तिथेच गेलं. त्यांना निरुत्साही म्हटलेलं मला सहन होत नाही.

आतल्या कर्मचाऱ्यांचाही दोष नव्हता, त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. सकाळी ७ ते संध्याकाळी ६ म्हणजे ६६० मिनिटं. केंद्रावर १२०० मतदार धरले तर माणशी ३३ सेकंद. त्यात यादीतलं नाव, ओळखपत्र, सही, शाई आणि बटण. मत कोणाला गेलं ते दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राची चिठ्ठीच ७ सेकंद दिसते. सगळे आले नाहीत तरी मे महिन्यात ऊन चढायच्या आत उरकायचं म्हणून गर्दी सकाळीच होते. वडिलांचा हात थरथरतो, त्यांच्या सहीलाच अर्धं मिनिट लागलं.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मुख्य दिवसाच्या आधी काही दिवस केंद्रं उघडी असतात, सवडीने जाऊन मत देता येतं. आपल्यालाही हे अगदी नवीन नाही. ८५ वर्षांपुढच्या आणि ४० टक्के अपंगत्व असलेल्या मतदारांचं मत पथक आधीच घरी येऊन घेतं, निवडणूक कामावरच्या कर्मचाऱ्यांना टपाली मत आहे. मग ७९ वर्षांच्या माणसाने काय करायचं? पाळीवर जाणाऱ्यांनी काय करायचं?

मतदान आधीच घेतलं तर मोजणीपर्यंत यंत्रं सांभाळणार कोण, असं विचारतात. ठाण्याची यंत्रं २० मेपासून ४ जूनच्या मोजणीपर्यंत पंधरा दिवस पहाऱ्यात होतीच की. आणखी दोन-तीन दिवस तोच पहारा ठेवता येईल.

निवडणूक आयोगाला माझी विनंती आहे: मतदानाच्या आधीच्या शनिवारी-रविवारी प्रत्येक प्रभाग समितीच्या कार्यालयात एक केंद्र उघडावं. सत्तरीपुढच्यांना आणि पाळीत काम करणाऱ्यांना आधी नाव नोंदवून तिथे मत देता यावं. कायद्यात बदल लागत असेल तर आमच्या खासदारांनी तो मांडावा. तोवर निदान दर खोलीबाहेर दहा खुर्च्या, पंखा आणि ज्येष्ठांची खरोखरची वेगळी रांग एवढं तरी व्हावं.

— एक परिचारिका, कळवा (ठाणे)