आंबील झटपट निववा, बर्फ मात्र गंजाबाहेर ठेवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आधी छापलं तर बरं होईल. त्या दिवसांत नागपुरात चौकाचौकांत आंबील आणि ताक वाटणारी मंडळं उभी राहतात, आणि मला सांगायचं आहे ते त्यांच्याच कामाचं आहे. आंबील शिजवायची कशी हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती किती वेळात निवते, हे कुणी बघत नाही.

आम्हीही बघितलं नव्हतं. मानेवाड्यात आमच्या गल्लीतले सात-आठ जण उन्हाळ्यात रोज २५ लिटर आंबील करतो. पहिल्या वर्षी रात्री नऊला शिजवली आणि गंज, म्हणजे मोठं पातेलं, तसाच झाकून ठेवला. पहाटे झाकण काढलं तर वर फेस, आणि वास बिघडलेला. आंबिलीचा आंबूस वास वेगळा, हा वेगळा; बायकांनी डाव नाकाजवळ नेताच ओळखलं. सगळी ओतून दिली. ते ज्वारीचं पीठ कुणीतरी आठ दिवस आधी निवडून, दळून आणलं होतं. मला ते अजून लागतं.

उकळलं म्हणजे निर्धोक झालं, असं आपण धरून चालतो. पण धान्यातल्या काही जंतूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, आणि ६० अंशांपासून खाली ५ अंशांपर्यंत जंतूंना वाढायला वाव असतो. त्यातही कोमटपणा त्यांना सर्वात मानवतो. मे महिन्यात झाकलेला मोठा गंज पोटातून रात्रभर कोमटच राहतो. बरं, गरम असतानाच ताक घालून मोकळं व्हावं तर ते फाटतं.

उपाय मिळाला अमेरिकेतल्या भाच्याकडून. तिकडे घरी बिअर करायला परवानगी आहे. मोड आणून वाळवलेल्या जवाचं गोड पाणी ते उकळतात, त्याला वर्ट म्हणतात. यीस्ट घालण्याआधी ते झटपट २० अंशांच्या आसपास आणावं लागतं. जास्त गरम असेल तर यीस्ट मरतं, आणि कोमट पडून राहिलं तर नको ते जंतू आधी शिरतात. म्हणजे अडचण आपलीच. भाचा वर्टमध्ये तांब्याच्या नळीचं वेटोळं सोडतो आणि त्यातून नळाचं पाणी वाहू देतो. आम्हाला ते चालण्यासारखं नव्हतं. आंबील आंबट, म्हणून तांबं नको. आपल्याकडे भांड्यांना कल्हई करत आले ते याच कारणाने. शिवाय मे महिन्यात नळ असा सोडून ठेवणं मनाला पटेना. पण वेटोळं घेण्याआधी भाचा पातेलं सरळ पाण्याच्या टबात ठेवायचा. ते आम्ही उचललं.

मी कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालो, त्यामुळे उष्णतेचा हिशेब हातचा आहे. २५ लिटर आंबील ९५ अंशांवरून ३० वर नुसत्या बर्फाने आणायची तर सुमारे १५ किलो बर्फ लागेल. आधी साध्या पाण्याने ४५ पर्यंत उतरवली तर साडेतीन किलोत भागतं. म्हणून पाणी आधी, बर्फ शेवटी.

आता आम्ही पहाटे पाचला शिजवतो. टबात दोन विटा ठेवून त्यावर गंज ठेवतो, म्हणजे पाणी बुडाखालूनही फिरतं. टबातलं पाणी आंबिलीच्या पातळीपर्यंत, गंजाच्या काठाखाली चार बोटं. सुमारे ४० लिटर पाण्यात आंबील ५५ पर्यंत येते, पाणी बदललं की ४० पर्यंत. तिसऱ्या वेळी थोडं पाणी आणि ४ किलो बर्फ. तीन घरांच्या फ्रिजमध्ये डब्यांत पाणी गोठवतो, त्यामुळे बर्फाला पैसे पडत नाहीत. डाव मात्र सतत फिरवावा लागतो. आंबील दाट असते, न हलवता ठेवली तर कडेची निवते आणि मधली तशीच राहते. पाऊण तासात काम होतं. पहिलं गरम पाणी भांडी घासायला जातं, बाकीचं कूलरमध्ये.

बाजारातला बर्फ आंबिलीत टाकून वेळ वाचवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. खाण्याचा नसलेला बर्फ निळा असावा असा नियम २०१८ पासून आहे, पण फोडलेली लादी गोणपाटातून चौकापर्यंत येते कशी, ते आपण सगळेच बघतो. टबात तो खुशाल घाला, गंजात नको.

थर्मामीटर नसेल तर गंजाच्या मधोमध डाव बुडवून एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकावा, बाळाचं दूध बघतात तसा. गरम लागला नाही तरच ताक घालावं.

आपला,
एक निवृत्त वीज कर्मचारी
मानेवाडा, नागपूर