तबला शिकवा, 'बरे करू' म्हणू नका

संपादक महोदय,

'संगीतोपचाराने स्वमग्नता घालवा' अशा पाट्या आता साताऱ्यातही दिसू लागल्या आहेत. मी तबला शिकवतो, स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलंही माझ्याकडे येतात, म्हणून हे पत्र.

एक सहा-सात वर्षांचा मुलगा आहे. बोलणं मोजकंच. तबल्याच्या लाकडी गठ्ठ्यांवर हातोडी पडली की तो कान गच्च दाबतो, म्हणून तो यायच्या आत मी तबला सुरात लावून ठेवतो. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा आवाज तोच कमी-जास्त करतो. त्यात मी लुडबुड करत नाही. मग सहा मात्रांचा दादरा ताल. 'धा धी ना, धा तू...' इथं मी हात उचलून थांबतो. शेवटचा 'ना' त्याचा. कधी चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, लगेच बोट पडतं, कधी कितीतरी आवर्तनं नुसतीच जातात. हात धरून वाजवून घ्यायचं नाही, हे पथ्य. परवा तर त्यानं मुद्दाम 'ना' दिलाच नाही. माझ्याकडे बघत, हसत मला ताटकळत ठेवलं. गुरूची फिरकी घेणारा शिष्य मला फार आवडतो!

पण यामुळे तो बोलायला लागेल, असं मी त्याच्या आईला सांगत नाही. 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये नऊ देशांतल्या ४ ते ७ वर्षांच्या ३६४ स्वमग्न मुलांचा अभ्यास आला. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड देऊनही पाच महिन्यांनी सामाजिक लक्षणांत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या 'कॉक्रेन' या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात २६ अभ्यास एकत्र तपासले. जीवनमान सुधारायला, एकूण लक्षणं सौम्य व्हायला मदत होत असावी, असं त्यात निघालं. बोलण्याबाबत ठोस काही हाती लागलं नाही. स्वमग्नता म्हणजे काही ताप नव्हे, काढा पाजला की उतरायला.

तरीही स्पीच थेरपी सोडून संगीताचे महागडे 'कोर्स' लावणारे पालक भेटतात. त्यांना दोष काय द्यायचा? राग येतो तो आशा विकणाऱ्यांचा.

माझं म्हणणं इतकंच, की साध्या गायन-वादनाच्या क्लासेसनी या मुलांना प्रवेश द्यावा. शेजारची मुलं आवडीखातर शिकतात, तशीच हीही शिकतील. परीक्षा दिली नाही तरी चालेल. आणि पालकांनो, फी भरण्याआधी एक तास वर्गात बसून बघा. मुलानं कान झाकले की वाजवणारा थांबतो का, तेवढं पाहा.

– एक तबलाशिक्षक, सातारा